वईला काय लावू? खाऱ्या वाऱ्यातल्या कुंपणाचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहून गेले की आमच्या घराला कंपाउंडची भिंत नाहीये, हिरवी वई आहे. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवते (मोगऱ्याला कळ्या येत नाहीत वाले, जरा दम धरा) आणि फक्त कुंपणावरच बोलते. नावं कुणाची छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत, कारण गाव कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. देवगडच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) जे जगतं ते खाडीकाठी जगेलच असं नाही.

प्रश्न (गुहागर): ताई, आमचं घर समुद्रापासून जेमतेम दीडशे मीटरवर आहे. दोन वर्षांपूर्वी पश्चिमेच्या बाजूला ५० फूट पिवळा ड्युरांटा लावला. नर्सरीवाला म्हणाला बारमाही हिरवं राहतं, काही बघावं लागत नाही. आता अंगणातून बघितलं तर झकास दिसतं पण समुद्राच्या बाजूने बघितलं तर सगळी पानं जळल्यासारखी. खत घातलं, औषध मारलं, काही फरक नाही. कुठला रोग असेल?

उत्तर: रोग नाहीये हो, मीठ आहे. एक पान तोडून उजेडात धरा. रोगाचे ठिपके असतील तर ते पानावर कुठेही, कसेही असतात. मिठाने जळलेलं पान टोकाकडून आणि कडेने तपकिरी होत होत आत येतं, मधली शीर शेवटपर्यंत हिरवी राहते, आणि मुख्य म्हणजे झाडाची एकच बाजू जाते. तुम्ही स्वतःच लिहिलंय की अंगणाकडून झकास आहे. (आमच्याकडची म्हातारी माणसं असं पान जिभेला लावून सांगायची, पण तुम्ही औषध मारलंय म्हणताय तेव्हा ते नको.)

होतं काय, की दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटांचे बारीक तुषार उडून येतात, पानावर बसतात, पाणी सुकतं आणि मीठ तिथंच राहतं. पावसाळ्यात ते धुऊन जातं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत धुणारं कोण? म्हणून फेब्रुवारी-मार्चला हे सगळं एकदम दिसायला लागतं आणि आपल्याला वाटतं उन्हाने गेलं. त्यात तुम्ही वरून रासायनिक खत घातलंत, म्हणजे मुळाशी आणखी क्षारच घातले. खत बंद करा. आहे ते झाड वाचवायचं असेल तर आठवड्यातून एकदा संध्याकाळी गोड्या पाण्याने पानं धुवा, पाइप असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

पण खरं सांगू? मी आठ वर्षांपूर्वी साठ ड्युरांटा लावले होते, हेच ऐकून, बारमाही आणि काही बघावं लागत नाही. अर्धे खाऱ्या वाऱ्याने गेले. उरलेले आंब्याखाली होते ते जगले, पण सावलीत त्यांचा पिवळा रंग जाऊन साधे हिरवे झाले, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे दिले तेच गेलं. ड्युरांटा वाईट नाही, गावात आतल्या बाजूला, भरपूर उन्हात छान होतो. दर्याच्या तोंडावर त्याला उभा करणं चूक.

मग लावायचं काय, तर कोयनेल. कुणी वनजाई म्हणतं, कुणी कडू मेंदी. तुम्ही हे झाड हजारदा बघितलंय आणि कधी बघितलं नाहीये. खाडीच्या बांधावर जा, तिवरं-चिपी ही कांदळवनातली झाडं संपतात आणि बांधाची माती सुरू होते तिथं गडद हिरव्या, चकचकीत, समोरासमोर पानांचं झुडूप पसरलेलं असतं, त्याला बहुधा तीन-तीनच्या झुपक्यात पांढरी फुलं येतात आणि फुलातून लांब जांभळट तंतू बाहेर लोंबतात, मांजराच्या मिश्यांसारखे. तेच. भरतीचं पाणी ज्याच्या पायाशी येतं त्याला तुमच्या खाऱ्या वाऱ्याचं काय कौतुक! पान इतकं कडू की गुरं एकदा तोंड लावतात आणि पुढे जातात.

फांद्या आणायला कांदळवनात मात्र घुसू नका, तिथली तोड कायद्याने बंद आहे. गावात कुणाच्या ना कुणाच्या कुंपणाला कोयनेल असतोच, त्यांच्या छाटणीच्या दिवशी हजर राहा, भाराभर फुकट मिळेल. मृगाचे दोन-चार चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की लावायचं, पहिल्या सरीला घाई नको, मध्ये आठ दिवस उघडीप पडली की फांद्या सुकतात. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब फांद्या घ्या, फार कोवळ्या नकोत आणि लाकूड झालेल्याही नकोत. खालची पानं काढा, दोन डोळे मातीत, दोन वर. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर मारून त्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरायचं. कुजलेलंच, कच्चं शेण घातलंत तर वाळवी आणि हुमणी दोघी पंगतीला येतात. चरात दोन ओळी, एक फुटावर एक, दुसरी ओळ पहिलीच्या मधल्या जागेत. ५० फुटांना शंभर फांद्या लागतात, तुम्ही एकशेतीस लावा, काही मरणार हे धरूनच चालायचं. पंधरा-वीस दिवसांनी वरच्या डोळ्यात हिरवा ठिपका फुगलेला दिसतो. नाही दिसला तर नखाने साल जरा खरवडा, खाली हिरवं असेल तर थांबा, तपकिरी असेल तर उपटून दुसरी लावा.

आणि हो, त्या बाजूला नंतर भिंत बांधायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. भरीव भिंतीवर वारा आदळतो, वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून तुमच्याच झाडांवर पडतो. वईतून वारा गाळून येतो, त्यामुळे त्याचा जोर मोडतो, आणि तिचा आडोसा तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा नारळी-पोफळी कशा पडल्या ते तुम्हाला मी काय सांगायचं. तसल्या वादळाला वई अडवत नाही, पण रोजच्या खाऱ्या वाऱ्याला अडवते, आणि बागेचं नुकसान रोजच्या वाऱ्यानेच जास्त होतं.

प्रश्न (डोंबिवली, गाव राजापूर तालुक्यात): नमस्कार ताई. आम्ही चाकरमानी, गावी येणं गणपती, शिमगा आणि मे महिना. घर सड्यावर, खाली सगळा कातळ. कुंपण हवंय पण पाणी घालायला कुणी नाही आणि छाटायलाही नाही. कमी मेंटेनन्सवालं आणि बारा महिने हिरवं असं काही आहे का?

उत्तर: दादा, सड्यावर स्वतःहून काय उगवतं ते बघितलंत का कधी? करवंदाच्या जाळ्या. त्यांना कोण पाणी घालतं?

करवंद बारमाही हिरवं, काटे दुहेरी आणि टोकदार, बैल काय माणूसही घुसत नाही, आणि मे महिन्यात तुम्ही नेमके गावी असता तेव्हा काळी मैना तयार. तुमच्या वेळापत्रकाला याहून फिट बसणारं झाड मला तरी माहीत नाही. फक्त ते हळू वाढतं, पहिली दोन वर्षं तुम्हाला वाटेल फसवणूक झाली. तिसऱ्या वर्षी अंग धरतं.

कातळावर खड्डा मारायच्या भानगडीत पडू नका. आंब्यासाठी लोक सुरुंग लावतात ते ठीक, कुंपणासाठी कोण करतंय. चिऱ्याचे तुटके तुकडे दोन बाजूंनी रचा, मध्ये दीड फूट उंच माती, पालापाचोळा, शेणखत भरा, म्हणजे जमिनीवरच बांध तयार होतो. त्यात दोन-अडीच फुटांवर एक रोप. बांधाला खालून पाणी जायला चार-पाच ठिकाणी फटी ठेवा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ते पाणी कातळात जिरत नाही, बांधात अडकलं तर मुळं कुजतात.

रोपं करायची तर या मेमध्ये करवंदं खाऊन बिया फेकू नका, धुऊन सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच पिशव्यांत टाका. पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवल्या तर उगवत नाहीत, करवंदाचं बी फार लवकर मरतं. पिशव्या वर्षभर शेजाऱ्यांकडे ठेवायच्या आणि पुढच्या जूनला लावायच्या. तेवढा धीर नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळाची जात आहे, तिची कलमं-रोपं कुठं मिळतात ते विचारा.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाण्याची सोय करावीच लागेल, यात पळवाट नाही. गावातल्या कुणाला तरी आठवड्यातून दोनदा पाणी घालायचे पैसे द्या, आणि बुंध्याशी पातेरा (सुका पालापाचोळा) वीतभर जाड पसरा. छाटणी जूनमध्ये, फळं संपल्यावर. शिमग्याला आलात आणि हात शिवशिवले म्हणून छाटलंत तर फुलं कापाल, मग मेमध्ये करवंदं कुठली?

प्रश्न (वेंगुर्ला): ताईनू, भातकापणी झाली की गुरां मोकाट सुटतत आणि माज्या वाडीत घुसतत. कोण सांगता शेर लाव, कोण सांगता कण्हेर लाव. माका काय ता समजना. दोनपैकी बरा खयचा?

उत्तर: दोन्ही गुरं खात नाहीत हे खरं, पण दोघांचा स्वभाव तिखट आहे.

शेराची फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर भयंकर आग आणि डोळ्याला इजा. छाटताना चष्मा लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि मुलं खेळतात त्या बाजूला लावूच नका. वाडीच्या मागच्या लांबच्या हद्दीला चालेल.

कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. हायवेच्या मधल्या पट्ट्यात लावतात ती बघून लोकांना मोह होतो, पण तिथं गोठा नसतो. उभ्या झाडाला गुरं तोंड लावत नाहीत, घोटाळा छाटणीनंतर होतो. कापलेल्या फांद्या सुकतात, पानं पेंढ्यात मिसळतात आणि गाय खाते. त्या फांद्या चुलीतही घालू नका, धूरही वाईट. तुमच्या वाडीत गुरं येतात, तेव्हा कण्हेर नकोच.

तुम्हाला मी अडुळसा सांगेन. हिरवागार, फांदी लावली की जगतो, पान कडू म्हणून गुरं सोडून देतात, आणि सर्दी-खोकल्याला घरात असावाच. नुसत्या अडुळशाने धष्टपुष्ट बैल थांबणार नाही, म्हणून मध्ये दर पाच-सहा फुटांवर गिरिपुष्पाची मेढ रोवा, ती मेढच जगून झाड होते. गिरिपुष्पाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाला झडतात पण अडुळसा खाली हिरवा असतो. वर जो पाला मिळतो तो माडांच्या आळ्यात टाका, नत्राचं खत फुकट. आणि बेडं (वईतलं ये-जा करायचं बांबूचं फाटक) नीट घाला हो, सगळी वई भक्कम आणि बेड्याचा एक बांबू सरकलेला, आमच्याकडे गुरं नेहमी तिथूनच आलीत.

केलटी-वानरांसाठीही कुणी तरी विचारलंय. त्यांच्यासाठी कुंपण म्हणजे शिडी. काही लावू नका, आशा सोडा.

प्रश्न (श्रीवर्धन): कंपाउंडच्या भिंतीला लागून लाल एक्झोरा लावलाय. आधी चांगला होता, घराला प्लास्टर केल्यापासून कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. युरिया घातला, आणखी पिवळा झाला.

उत्तर: पिटकुळी म्हणा की! आपल्या रानातलीच आहे ती. तिला आंबट माती लागते, आपली तांबडी जांभ्याची माती तशीच असते म्हणून ती रानात कुणी न बघता फुलते. तुमच्या प्लास्टरचं सिमेंट, वाळू, चुना सगळं खाली पडून बुंध्याशी साचलं असणार. सिमेंटने माती उलट्या बाजूला जाते, मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि नवं पान पिवळं, शिरा हिरव्या. युरियाचा इथं काही संबंध नाही.

वरची चार बोटं माती खरवडून सिमेंटचा चुरा काढा, जंगलातली किंवा सड्यावरची तांबडी माती आणि कुजलेला पाला भरा. दुकानात चिलेटेड लोह मिळतं ते पाकिटावरच्या प्रमाणात फवारलं तर पंधरवड्यात फरक दिसेल, पण माती बदलली नाही तर परत तेच. पुढच्या वेळी भिंतीपासून दोन फूट सोडून लावा.

प्रश्न (आचरा): कुंतीची हेज लावू का? वास फार आवडतो. शेजारी कागदी लिंबाची सहा झाडं आहेत.

उत्तर: वासाबद्दल वादच नाही, पावसाळ्यात रात्री अंगणात बसवत नाही इतका दरवळ. पण कुंती लिंबाच्या कुळातली. लिंबावर येणारी सायला नावाची बारीक कीड कुंतीच्या कोवळ्या पालवीवर आनंदाने वाढते, आणि हेज छाटली की सतत कोवळी पालवी येतच राहते, म्हणजे किडीला बारमाही खानावळ. तीच कीड लिंबाला ग्रीनिंग रोग देते, त्याला औषध नाही. लिंबं विकत असाल तर कुंती घराच्या दुसऱ्या टोकाला एक-दोनच लावा. कढीपत्त्यावरही हीच कीड येते, तेही लक्षात असू दे.

प्रश्न (देवगड): ताई, मला हिरवी वई हवीय, पण सासूबाई म्हणतात झाडी आली की जनावर येणार. आमच्याकडे फुरशी (छोटे विषारी साप) फार. त्यांना काय सांगू?

उत्तर: सासूबाईंना सांगा की त्यांची काळजी बरोबर आहे, फक्त संशय चुकीच्या जागी आहे. फुरसं दिवसा दगडाखाली, गडग्याच्या (नुसत्या रचलेल्या दगडी बांधाच्या) फटीत बसतं. तुमच्या हद्दीला जुना रचलेला गडगा असणारच, त्याचं खरं बिऱ्हाड तिथं. नीट छाटलेल्या वईच्या बुंध्याशी त्याला लपायला जागा राहत नाही.

म्हणून वईच्या खालचं वीतभर मोकळं ठेवा, वर लिहिलेला पातेरा तुमच्यासाठी नाही, तुम्ही कुजलेलं खत पातळ घाला. नारळाच्या झावळ्या, फुटके कौलं, चिऱ्याचे ढीग वईला टेकवून ठेवू नका. उंदीर आले की साप येतो. छाटणी दिवसाढवळ्या, बूट घालून, आधी काठीने बुंधा हलवून. खर्रर्र असा अंगावर अंग घासल्याचा आवाज आला तर मागे व्हा. आणि कुणाला चावलंच तर बांधाबांध नाही, चिरणं नाही, मांत्रिक तर नाहीच, सरळ सरकारी दवाखाना.

प्रश्न (रत्नागिरी): आमची कोयनेलची वई वरून गच्च आहे आणि खाली नुसत्या काटक्या. कोंबड्या आरपार जातात. दर महिन्याला छाटतो तरी!

उत्तर: दर महिन्याला वरूनच छाटता ना? बहुतेक सगळे तेच करतात, कारण वरचं डोळ्यासमोर असतं आणि बाजू छाटायला वाकावं लागतं. वरचा भाग छत्रीसारखा पसरतो, खाली ऊन पोचत नाही, पानं झडतात. वई खाली रुंद आणि वर निमुळती हवी, जुन्या चौथऱ्यासारखी. खाली दोन फूट तर वर सव्वा-दीड.

आता ती सुधारायची तर जूनमध्ये, पाऊस लागला की एका बाजूच्या सगळ्या फांद्या खोडाच्या जवळपर्यंत कापा. हो, भयानक दिसेल, घरचे बोलतील. दुसरी बाजू या वर्षी अजिबात नको, ती पुढच्या जूनला. उंचीही फूटभर कमी करा. कोयनेल जिवट आहे, गणपतीपर्यंत खालून फूट येते. जिथं काटक्याच उरल्यात आणि फूट येत नाही तिथं खालची लांब फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा, तिलाच मुळं फुटतील आणि भोक बुजेल. नव्याने लावणाऱ्यांनी रोप वीतभर झालं की पहिलाच शेंडा खुडायचा, जीव तोडून खुडायचा, तेव्हा दया दाखवली की पुढे कोंबड्या आरपार.

कोयता वापरता असं तुम्ही शेवटी लिहिलंय. कोयत्याने फांदी चिरते आणि पावसात त्या चिरेतून बुरशी शिरते, लांब पात्याची कात्री घ्या. आणि वई अगदी हद्दीच्या रेषेवर असेल तर शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या बाजूने छाटायला जा, बिनविचारता नको. नव्याने लावणाऱ्यांनी आपल्याच जागेत हद्दीपासून अडीच फूट आत लावायची, म्हणजे कात्री घेऊन उभं राहायला आपलीच जमीन मिळते.